तू शिकवलेलं झाड

आई, तू पंधरा वर्षं जे झाड शिकवलंस ते मला सापडलंय, आणि ते झाड नाहीच, कुंपण आहे. कमरेएवढं, काळपट हिरवं, वरून फूटपट्टी लावून कापल्यासारखं सपाट. अमेरिकेतल्या श्रूजबरीत ज्या काका-काकूंच्या तळघरात मी राहतो, त्यांच्या घराच्या पुढच्या भिंतीला ते चिकटून उभं आहे. शेजारच्या घरालाही आहे, त्याच्या शेजारच्यालाही, बँकेला, दाताच्या डॉक्टरलाही. अख्खं गाव तुझ्या झाडाने वेढलेलं आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी स्वतः वर्षभर त्याला खेटून ये-जा केली, बाहीला लागलेल्या त्याच्या सुया झटकल्या, आणि रविवारी मात्र जुन्या चर्चमागची कबरस्तानं पालथी घालत हिंडलो. उंच, काळं, माणसासारखं उभं राहिलेलं झाड कुठे दिसतं का म्हणून. तू तसं शिकवलं होतंस ना. आता मी परत निघालोय. डिग्री न घेता, मध्येच सोडून, ते सांगतोच. पण निघायच्या आधी एक ठरवायचं होतं, की तुला या कुंपणाखालून बाहेर काढायचं की इथेच ठेवून जायचं. कारण तू इथे आहेस. मीच ठेवलं तुला.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो, कारण तुझं सगळं इंग्रजी मी तिथेच ऐकलं. नागपूरचं आपलं ते अरुंद स्वयंपाकघर, ओट्याच्या कडेला तुझ्या नोट्स, त्यांच्यावर तेलाचे डाग. कॉलेजातलं दुसऱ्या दिवशीचं लेक्चर तू आधी माझ्यावर घेऊन बघायचीस. मी खाली बसून मटार सोलतोय, तू कणीक मळतेयस, आणि कणकेचं बोट माझ्याकडे रोखून म्हणतेयस, "हे बघ, इंग्रजी कवितेत यूचं झाड आलं की समजायचं, खाली कोणीतरी आहे." मी विचारतो, "खाली म्हंजे?" "जमिनीखाली बे, अजून कुठे." मग तू एकेक सांगायचीस. त्याच्या लाकडाची धनुष्यं करायचे. त्याचा पाला खाल्ला की गुरं मरतात. त्याच्याखाली झोपू नये म्हणतात. ते हजार हजार वर्षं जगतं, आतून पोकळ होतं, फांदी वाकून जमिनीला टेकली की तिथे परत मूळ धरतं, म्हणून ते कधी मेलं आणि कधी पुन्हा सुरू झालं ते कुणालाच सांगता येत नाही. आणि त्याची मुळं पुरलेल्या माणसांच्या तोंडापर्यंत जातात. प्रत्येक तोंडात एक मूळ. "कशाला?" मी विचारलं होतं. तू पोळी तव्यावर टाकलीस, थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "त्यांना काही बोलायचं असेल तर." इथल्या लायब्ररीत मी ते नंतर शोधलं. तोंडापर्यंत जाणारी मुळं सापडली. बोलण्याचं कुठेच सापडलं नाही. ते तू तुझ्या पदरचं घातलंस, हो ना?

तुझी एक थापही मला माहीत आहे. कुठल्याशा खेड्यातून येणाऱ्या एका मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, आपल्याकडे हे कोणतं झाड?" आणि तू म्हणालीस, "सुरूसारखं." फळ्यावर सुरूचं झाड काढलंस, उंच, टोकदार. घरी आलीस आणि जेवली नाहीस. बाबांनी विचारलं तर म्हणालीस, "मी कधी पाहिलंच नाही ते झाड. डिक्शनरीत दिलंय, एक सदाहरित वृक्ष. तेवढ्यावर मी शिकवून राहिले." दुसऱ्या वर्षी तू पुन्हा सुरूच काढलास. मुलांनी पेपरात लिहिलं, यू म्हणजे सुरू, आणि तू सगळ्यांना मार्क दिलेस. एकदा मी चिडून त्याच नोट्स फाडल्या होत्या. तू माझ्याशी खेळायचं कबूल करून पुन्हा त्या झाडात जाऊन बसली होतीस. तू मारलं नाहीस. भाताची चार शितं बशीत आणून ठेवलीस. "फाडायला अक्कल लागत नाही. आता बस आणि चिकटव." मी रडत रडत शितं चोळून ते पान जोडलं. त्या पानावरचा सुरू मधोमध तिरका झाला. तू पुढे तो तसाच फळ्यावर काढायला लागलीस, कंबरेत मोडलेला, आणि मुलांना सांगायचीस की वाऱ्याने झालंय.

मग तू आजारी पडलीस. औषध सुरू झाल्यावर तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली. खडू हातातून सुटून पडायचा. खोकल्याच्या गोळ्यांच्या एका चपट्या डबीत तू आपले खडू वेगळे ठेवायचीस, आणि सुट्टी घेतल्यावरही ती डबी उशाशी असायची. मधूनच उघडून एक खडू चिमटीत धरून बघायचीस, पकडता येतो का. मी बाजूला बसून सलाईनच्या बाटलीवरचं औषधाचं नाव पाठ करायचो. नवा शब्द दिसला की स्पेलिंग पाठ करायचं, ही तूच लावलेली सवय. ते लांबलचक नाव मला अजून पाठ आहे.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. बाबा, मामा आणि मी. वरची राख गार होती, आतली अजून कोमट. गुरुजी म्हणाले, "याची बोटं लहान आहेत, बारीक तुकडे हा वेचेल." पायाकडून सुरुवात केली. बाबा मडकं धरून उभे. मी वेचत वेचत वर आलो, आणि एक तुकडा माझ्या मुठीत राहिला. राहिला कसला, मी ठेवला. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की सगळं पाण्यात सोडलं तर तुझ्या तोंडापर्यंत कुठलं मूळ जाणार? पाण्यात मुळं नसतात. रामटेकला अंबाळा तलावावर मडकं रिकामं झालं तेव्हा माझी मूठ खिशात होती. घरी येऊन तो तुकडा तुझ्या खडूच्या डबीत टाकला. डबी माझ्याबरोबर दहावी पास झाली, इंजिनिअर झाली, अमेरिकेला आली. एअरपोर्टवर बॅग स्कॅनरमधून गेली, पण कुणी काही विचारलं नाही.

इथे येऊन वर्ष व्हायच्या आत मी प्रेमात पडलो. हसू नकोस. मंडळाच्या गणपतीत आरती चालू होती, मी झांजा बडवत होतो, आणि शेजारून आवाज आला, "अरे, आरती आहे. आग नाही लागलेली." ती पुण्याची. इथे बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करते. मी 'करून राहिलो' म्हटलं की हसते, आणि मी चिडलो की अजून हसते. तिच्याबरोबर मी तीनदा भांडलो आणि तिन्ही वेळा तिच्याच दारात जाऊन उभा राहिलो. एका रविवारी काकूंनी तिला जेवायला बोलावलं होतं. काका विजेची कात्री घेऊन पुढचं कुंपण छाटत होते. मला म्हणाले, "हे जरा बॅगेत भर रे. आणि मग हात धू, पॉयझनस असतात हे यूज." मी म्हटलं, "हे काय असतात?" "यूज. हेज आहे ना ही, यूची. इंग्लिश आणि जपानी मिक्स. हरणं येऊन खातात, त्यांना मेल्यांना काही होत नाही." मी तिथेच गवतात बसलो. हातात तुझं झाड, कापलेलं, मूठभर. मिक्स! ते तुला तर मुळीच आवडलं नसतं. ती बाहेर आली आणि मी हसतोय की रडतोय ते तिला कळेना, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. सुरू, फळा, तू. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला केमो कुठली होती, माहितीये?" मी ते लांबलचक नाव घडाघडा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "ते यूच्या सालीतून काढलेलं औषध आहे रे. पहिल्यांदा इथेच सापडलं, पश्चिमेकडच्या जंगलात."

म्हणजे बघ. तू झाड न पाहता शिकवत होतीस, आणि ते झाड तुझ्या हाताच्या शिरेतून थेंब थेंब आत जात होतं. तुझ्या बोटांतून खडू त्यानेच सोडवला. आणि आपण दोघं पलंगावर बसून त्याचं स्पेलिंग पाठ करत होतो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. तुझं आणि त्याचं काहीतरी अर्धं राहिलंय. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर, काका-काकू ऑफिसला गेलेले असताना, मी डबी उघडली. तेरा वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. आत पांढरे तीन तुकडे. दोन खडू आणि एक तू. पण कोणता कोण ते कळेना. इतकी वर्षं एकमेकांवर घासून तिन्ही गोल झाले होते, तिन्हींवर एकच पांढरी पूड. तळघराच्या भिंतीवर मी एकेकाने रेघ ओढून पाहिली. तिन्हींनी रेघ ओढली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आई, आणि भीती वाटली म्हणून मी घाई केली. कुंपणाच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर खोल खणून तिन्ही तुकडे पुरले, माती दाबली आणि म्हटलं, "बोल आता."

तो कोपरा मी का निवडला, ते सांगायला हवं. तळघराची एकच खिडकी आहे, आडवी, छताजवळ, माझ्या उशाच्या वर. तिच्यातून आकाश दिसत नाही, कुंपणाचं बूड दिसतं. म्हणजे मी आडवा झालो की माझं डोकं आणि तुझी माती यांच्यात फक्त एक भिंत. मे महिन्यातल्या एका दुपारी मी पडलो होतो. बाहेर भगभगीत ऊन. काचेवर आवाज आला. खर्र. एकदाच. नखाने हळू ओढल्यासारखा. मी बाहेर जाऊन बघून आलो. वारा नव्हता. समोरच्या घराचा झेंडा दांडीला चिकटून लोंबत होता. खाली येऊन मी विचारलं, "आई?" खर्र.

मग मी विचारायला लागलो. आवाज आला की हो, नाही आला की नाही. आधी बारीकसारीक. आज क्लासला जाऊ का, बाबांना फोन करू का. दुपारीच विचारायचो, कारण दुपारी घर रिकामं असायचं. काका दर आठवड्याला तो कोपरा छाटायचे आणि पुढच्या आठवड्यात तिथून वीतभर शेंडा बाहेर आलेला असायचा. "हा कोपरा काय खातोय रे?" काका म्हणायचे. "बाकी सगळं शांत आहे, ह्यालाच काय झालंय?"  ऑगस्टमध्ये लॅबमध्ये माझं गाइडशी वाजलं. माझ्या आकड्यांवर सगळ्यांसमोर त्याने शंका घेतली, मी लॅपटॉप मिटला, "मग तूच कर," म्हणालो आणि निघून आलो. रागात बसचे तीन स्टॉप चालत आलो. दार उघडून थेट खिडकीखाली उभा राहिलो. "सोडून देऊ?" खर्र. त्याच दुपारी मी मेल टाकली. व्हिसा गेला, डिग्री गेली, तुझ्या मुलाने पुन्हा पान फाडलं. मला मात्र इतकं हलकं वाटत होतं की मी लगेच दुसरा प्रश्न विचारला. तिच्याबद्दलचा. खर्र.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी, तिच्या गाडीच्या बॉनेटवर बसून, मी तिला लग्नाचं विचारलं. तिने आधी कॉलेजचं विचारलं. सोडलं, म्हटलं. "सोडलं म्हणजे? कुणाशी बोललास? कुणाला विचारलंस?" आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी सांगितलं. डबी, कोपरा, खिडकी, आवाज. पाण्यावरचं एक बदक पार पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मला विचारायच्या आधी तू एका झुडपाला विचारलंस."

"झुडूप म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? मला सासूबाई चालतील रे. हयात नसल्या तरी चालतील, फोटोला हार घालीन. पण दुपारी खिडकी खरवडणाऱ्या नाही चालायच्या."

माझं डोकं फिरलं. मी हातातली वस्तू तळ्यात भिरकावली. ती वस्तू माझाच फोन होता. तिने पाण्यावरची वर्तुळं पाहिली आणि म्हणाली, "झालं? आता घरी कसा जाणार, तिला विचारून?" तरीही तिनेच घरी सोडलं. गाडी दारासमोर थांबवून, स्टिअरिंगवरचे हात न काढता, कुंपणाकडे बघत बोलली, "तिला काढ तिथून. बाबांना खरं सांग, रामटेकला सोडून ये. मग मला विचार. मी हो म्हणेन असं नाही म्हणत. पण तेव्हा विचारणारा तू असशील." ती हे बोलत असताना आवाज आला. खर्र, खर्र, दोनदा. इतके दिवस मी मनाला सांगत होतो की कदाचित माझ्याच डोक्यात असेल. पण तिने मान वळवली. तिने तो ऐकला. तिने गाडीची काच वर केली आणि निघून गेली. आता ती इथून लांब, ईडन प्रेरीला आहे, सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर. शनिवारी फोन करते. हवापाणी विचारते आणि मग एकच, "काढलंस?"

मी नाही काढलं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. इथली बाकीची सगळी झाडं लाल-पिवळी होऊन बोडकी झाली, फक्त ही कुंपणं काळी-हिरवी राहिली. काकांनी चहा घेताना सहज सांगितलं, "स्प्रिंगमध्ये ही हेज उपटणारे मी. ट्रकला चेन लावून मुळासकट ओढतात. हायड्रेंजा लावू."  मी इथून निघालो की तू एका अनोळखी माणसाच्या ट्रकमागे साखळीला लटकून जाणार, मुळामुळांत अडकलेली, आणि कुठे टाकतील ते मला कधी कळणार नाही. त्या शनिवारी मी खुरपं घेऊन बाहेर गेलो.

भर दुपार होती. दोन घरं सोडून कुणीतरी पानं उडवायचं मशीन फिरवत होतं. काकूंनी खिडकी उघडली. "काय रे, नोव्हेंबरात काय पेरतोयस?"

"पेरत नाही काकू. काढतोय."

"काय काढतोयस?"

"एक गोष्ट राहिली होती."

खिडकी बंद झाली. मला वाटलं, झालं, आता काका येतील. पण काकूच आल्या, पायात काकांचे मोठाले बूट, हातात पीठ चाळायची जुनी स्टीलची चाळणी. "मातीत काही हरवलं की चाळून बघावं," एवढंच म्हणाल्या आणि शेजारी उकिडव्या बसल्या. वरचा थर सुटला तशी मुळं लागली. बारीक, तांबूस, केसांसारखी, एकात एक विणलेली. एप्रिलमध्ये इथे निव्वळ माती होती, मी हाताने उकरलं होतं. आता खुरप्याला जोर लावावा लागत होता. पहिला तुकडा मिळाला तो मुळांनी सगळीकडून गुंडाळलेला, एखादी पुरचुंडी बांधावी तसा. मी ती सोडवली. दुसराही तसाच. तिसरा मिळाला आणि मी सुस्कारा टाकला. काकूंनी चाळणी हलवली आणि म्हणाल्या, "अजून आहे इथे." चौथा. मग पाचवा. पाचही पांढरे, गोल, सारख्याच आकाराचे, पाचांभोवती तांबूस मुळं.

"हे काय रे, दात?" काकूंचा आवाज उतरला होता.

"खडू आहे काकू."

"तुझे किती होते?"

"तीन."

मशीन वाजत होतं. काकू चाळणीकडे बघत राहिल्या. भिंतीच्या पायातला चुना असेल, गारगोटी असेल, आधीच्या मालकाने काही पुरलं असेल, हे सगळं मी मनात म्हणून पाहिलं. मग एकेक उचलून फरशीवर रेघ ओढून पाहिली. पाचांनीही ओढली. काकूंनी विचारलं, "आईला किती वर्षं झाली?" मी त्यांना कधी काही सांगितलेलं नाही, आई. भिंतीवर तुझा फोटोसुद्धा नाही माझ्या. मी म्हटलं, "तेरा." त्या उठल्या, आत गेल्या आणि वाटीत दूध घेऊन आल्या. "मला मंत्रबिंत्र येत नाहीत. पण घरात दूध आहे." त्यांनी चाळणीवर दूध शिंपडलं, उरलेलं खड्ड्यात ओतलं. मुळांनी ते लगेच पिऊन टाकलं. इतकं लगेच, की आम्ही दोघंही एक पाऊल मागे सरलो. सबंध वेळ काचेवर आवाज आला नाही. एकदाही नाही. काकू हात धुवायला आत गेल्या तेव्हा मी एकटाच खड्ड्याशी होतो, आणि मला ती शांतता सहन होईना.

बाबांना त्याच दिवशी फोन केला. मूठ, खिसा, डबी, कॉलेज, सगळं एका दमात.   ते म्हणाले, "ये. जाऊ आपण रामटेकला." कॉलेजबद्दल एक शब्द नाही. ते ऐकून मला रडू आलं, तू रागावून बशी पुढे ठेवायचीस तेव्हा यायचं तसं. काकूंच्या जुन्या सुती ओढणीचा एक तुकडा घेऊन मी ते पुरचुंडीत बांधले आहेत, हातातल्या बॅगेत ठेवणार आहे. हे पत्रही त्यातच घालावं असं मनात होतं, तुझ्याबरोबर पाण्यात जाईल म्हणून. पण गाठ बाबा सोडतील, आणि पुढचं त्यांनी वाचायला नको आहे. तेव्हा हे माझ्याजवळच राहील.

संध्याकाळी तिचा फोन आला. "काढलंस?" काढलं, म्हटलं. "सगळं?" सगळं. ती इतकी मोकळी हसली की मला तिच्या त्या हसण्यासाठी पुन्हा दहा खड्डे खणावेसे वाटले. "मग आता विचार की," ती म्हणाली. मी म्हटलं, "रामटेकहून आल्यावर विचारीन." "शहाणा झालास," ती म्हणाली.

पुरचुंडीत चारच आहेत, आई. काकू आत गेल्या होत्या तेव्हा पाचवा मी परत खड्ड्यात ठेवला आणि माती ओढली. त्यात तू असशील की नसशील, कोण जाणे. त्या दिवसापासून मी खाली झोपत नाही. काकूंना सांगितलंय, थंडी वाजते. वर सोफ्यावर झोपतो, टीव्ही चालू ठेवून. सगळे काढले असते, आणि तरीही ते खरवडत राहिलं असतं, तर इतके दिवस मला हो कोण म्हणत होतं, तू की ते झाड, हे मला कळलं असतं. ते मला कळायला नको होतं.